किडा की नाद?

भावा,

परवा फोनवर तू मला 'बिब्लिओफाइल' म्हणालास आणि मी उगंच कॉलर ताठ केली, पण रात्री म्हटलं अर्थ तरी बघूया. तर ग्रीकमध्ये बिब्लिऑन म्हणजे पुस्तक आणि फिलॉस म्हणजे जीव लावणारा, आणि ते बिब्लिऑन आलंय बिब्लॉसवरनं, म्हणजे पपायरस, ज्याच्यापासनं लिहायचा कागद करायचे ते लव्हाळं. इथपर्यंत झ्याक. पण त्या शब्दात वाचायचं कुठं आलंच नाही की लेका! जुनी आवृत्ती, बांधणी, कागदाचा वास, ह्याच्यावर जीव असला तरी चालतंय. म्हणजे माझं सोंग बरोबर ओळखलंस तू, माझ्या कपाटातली निम्मी अजून उघडलेली नाहीत. जपान्यांनी तर ह्या दुखण्याला वेगळा शब्दच काढलाय, त्सुंदोकु, पुस्तकं आणायची आणि नुसती रचून ठेवायची.

वाचणारा तू. करवीर नगर वाचन मंदिरातनं (१८५० सालचं आहे ते, आपण तिथं निम्मा वेळ पंख्याखालची खुर्ची धरण्यातच घालवला) पुस्तक न्यायचास ते दोन दिवसांत परत, घरात स्वतःचं एक नाही. काका तुला पुस्तकी किडा म्हणायचे बघ, तर खरा किडा मी रविवारी बघितला. २०१९ च्या पुरात भिजलेली ती दोन खोकी माळ्यावरनं काढली, एक जाडजूड कादंबरी उघडली तर पाठीच्या सांध्यातनं चंदेरी कसर सळकन पळाली. पुठ्ठ्याची खळ खाल्लेली, पानं सुटलेली, अक्षरं मात्र जशीच्या तशी. म्हटलं ही तर माझीच जात, मजकुराशी देणंघेणं नाही, बांधणीवर डोळा!

मला विचारशील तर आपला 'नाद' शब्दच बेस्ट. कबुतरांचा नाद, तालमीचा नाद, तसा पुस्तकांचा. त्यात पगार उडालेला दिसतो, गार झालेलं जेवण दिसतं, आईचं "ह्याला कसला नाद लागलाय" पण ऐकू येतं. आणि वाचणारा असो नाहीतर साठवणारा, दोघं बसतात त्यात.

ती कादंबरी टाकली नाही अजून. दिवाळीला आलास की गच्चीत बसू, तू सुटी पानं वाचत वाचत क्रमानं लाव, मी खळ लावतो.

तुझाच,
खोकीवाला