जाहीरनामा एकीकडे, नेमणुका भलतीकडे

संपादक महोदय,

अमेरिकेच्या राजकारणाची आपल्याकडची चर्चा आयातशुल्क आणि एच-वन-बी व्हिसा यांच्यापुढे फारशी जात नाही. साहजिकच आहे, प्रत्येक गल्लीतला एखादा मुलगा तिकडे असतोच. मी मात्र आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलो. त्यामुळे माझे लक्ष वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी कार्यालयाकडे गेले.

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी क्रेडिट कार्डावरचे व्याज काही काळ १० टक्क्यांवर रोखण्याचे वचन दिले. तिथे हा दर २० टक्क्यांच्या वर गेला होता, तेव्हा टाळ्या पडणारच. आता या कार्डवाल्या बँकांवर नजर ठेवायला तिथे एक स्वतंत्र यंत्रणा आहे, सीएफपीबी, म्हणजे ग्राहकांचे आर्थिक हित जपणारे सरकारी कार्यालय. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर २०१० च्या कायद्याने ती उभी राहिली आणि तिने ग्राहकांना २१०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दिलासा मिळवून दिला. वचन मनापासून असते तर हेच हत्यार परजायला हवे होते.

झाले उलटेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नेमलेल्या रसेल वॉट यांच्याकडे व्हाइट हाउसचे अर्थसंकल्प कार्यालय आले आणि पाठोपाठ सीएफपीबीचा तात्पुरता कार्यभारही. आल्या आल्या त्यांनी कर्मचाऱ्यांना जवळपास सगळे काम थांबवायला सांगितले. हे वॉट ‘प्रोजेक्ट २०२५’ या, उजव्या विचारांच्या मंडळींनी पुढच्या सरकारसाठी आखलेल्या आराखड्याच्या लेखकांपैकी एक. या आराखड्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, असे ट्रम्प प्रचारात सांगत होते! कार्डाचा हप्ता चुकल्यास बहुतेक ठिकाणी ८ डॉलरच दंड घ्यावा, असा नियम याच यंत्रणेने २०२४ मध्ये केला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो न्यायालयात रद्द झाला तेव्हा यंत्रणा बँकांच्या बाजूने उभी होती. कुंपणानेच शेत खाल्ले.

हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत याच खुर्चीवर मिक मुल्व्हेनी बसले. खासदार असताना ही यंत्रणा बंद करण्याच्या विधेयकाला त्यांचा पाठिंबा होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी तिमाही निधीसाठी मागणी किती केली? शून्य डॉलर. पर्यावरण खाते मिळालेल्या स्कॉट प्रुइट यांनी ओक्लाहोमाचे महाधिवक्ता असताना त्याच खात्यावर डझनभराहून अधिक दावे ठोकले होते. रिक पेरी यांची तर गंमतच. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागताना, कोणती तीन खाती बंद करणार, हे २०११ च्या वादसभेत सांगताना त्यांना तिसऱ्याचे नावच आठवेना. ते ऊर्जा खाते होते, आणि पुढे तेच त्यांना मिळाले.

जो जिंकला त्याने आपली माणसे नेमावीत, यात गैर काय, असे कोणी म्हणेल. काहीच नाही. पण मग माणसांची नावेही सभेतच सांगावीत. सभेत १० टक्के व्याज सांगायचे आणि खुर्चीत व्याजावर नजर ठेवणारे खातेच नको असलेला माणूस बसवायचा, याला आमच्या काउंटरवर फसवणूक म्हणत.

आमच्याकडे एखादी शाखा गुंडाळायची ठरली की आधी पाटी उतरत नसे. आधी मॅनेजर बदलून येई. सेवा सुधारणार असल्याची सूचना बाहेर लागलेली असे, आणि आतल्या आम्हाला मात्र बदलीच्या ऑर्डरवरचे नाव वाचूनच सगळे कळे.

निवडणुकीआधी आपण जाहीरनामे पानभर छापता. निकालानंतर आपल्याकडच्या महामंडळांच्या आणि आयोगांच्या नेमणुका मात्र आतल्या पानावर चार ओळींत उरकतात. नेमलेल्या व्यक्तीने त्या खात्याबद्दल पूर्वी काय म्हटले होते, एवढी एक चौकट त्या चार ओळींशेजारी देता आली तर पाहावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली