टेनेसी स्टेट विद्यापीठाची थकबाकी चुकती करा: गव्हर्नर बिल ली यांना खुले पत्र

मा. गव्हर्नर बिल ली यांस,
स. न. वि. वि.

नॅशव्हिलमध्ये काळ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचं अमेरिकेतल्या टेनेसी राज्याकडे मोठं येणं आहे. ते चुकतं करण्याचं वेळापत्रक आपण जाहीर करावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी नॅशव्हिलची रहिवासी आहे, इथेच कर भरते. मराठीत लिहितेय, कारण टेनेसीतल्या माझ्या मराठी शेजाऱ्यांनीही या हिशेबात लक्ष घालावं, आपापल्या लोकप्रतिनिधींना जाब विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

हिशेब जुना आहे. जमीन-अनुदानाच्या (केंद्राने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या) महाविद्यालयात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा, असं १८९० च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बजावलं. टेनेसीने ही संस्था, म्हणजे आजचं टेनेसी स्टेट, सुरू केली १९१२ साली. (राहुरी, अकोल्याची कृषी विद्यापीठं ज्या अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली, तो हा जमीन-अनुदानाचाच.) कृषी संशोधन आणि विस्तारकार्यासाठी केंद्र जेवढे पैसे देतं, तेवढाच वाटा राज्याने घालायचा असतो. नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठाला, म्हणजे मूळच्या गोऱ्यांच्या संस्थेला, तो मिळत राहिला. नॅशव्हिलच्या काळ्या विद्यापीठाला वर्षानुवर्षं मिळाला नाही.

हे कुणा चळवळीचं पत्रक सांगत नाही. २०२१ मध्ये आपल्याच विधिमंडळाच्या समितीने जुनी कागदपत्रं तपासली आणि न दिलेली रक्कम १५ कोटी ते ५४.४ कोटी डॉलरच्या दरम्यान काढली. समितीचे अध्यक्ष होते हॅरल्ड लव्ह ज्युनियर. त्यांचे वडीलही याच सभागृहात प्रतिनिधी होते आणि हाच प्रश्न त्यांनी त्यांच्या काळात लावून धरला होता. बाप विचारत होता, मुलगाही विचारतोय. मधल्या काळात किती पिढ्या त्या वर्गांतून शिकून बाहेर पडल्या असतील! पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी सचिवांनी १६ गव्हर्नरांना पत्रं लिहिली. आपल्याला आलेल्या पत्रात १९८७ ते २०२० या काळातली तूट होती सुमारे २१० कोटी डॉलर, सोळा राज्यांत सर्वाधिक. दोन्ही आकड्यांचे काळ वेगळे, मोजण्याच्या रीती वेगळ्या. पण कोणत्याही रीतीने मोजलं तरी बाकी शून्य येत नाही.

२०२२ मध्ये आपल्या अर्थसंकल्पातून विद्यापीठाला इमारती आणि पायाभूत कामांसाठी २५ कोटी डॉलर मिळाले, याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. आपल्याआधी कुणी एवढंही केलं नव्हतं. मात्र २०२४ मध्ये पगाराला पैसे पुरेनात, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि २०२५ मध्ये त्या २५ कोटींतलेच ९.६ कोटी तीन वर्षांच्या दैनंदिन खर्चाकडे वळवण्यावर तडजोड झाली. विद्यापीठ त्यामुळे तगलं, हे खरं. तरी हा पैसा एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेला आहे. ज्या इमारतींसाठी तो दिला होता, त्यांची गरज संपलेली नाही. ही रक्कम नवी मदत म्हणून मोजू नये.

व्यवस्थापनाच्या चुका झाल्या, हे मी नाकारत नाही. शिष्यवृत्त्या आणि प्रवेश झेपणार नाहीत इतके वाढवले, वसतिगृहं अपुरी पडली आणि मुलांना हॉटेलांत ठेवावं लागलं. त्या चुकांची किंमत विद्यापीठाने मोजली: मार्च २०२४ मध्ये विधिमंडळाने संपूर्ण विश्वस्त मंडळ बरखास्त केलं आणि आपण त्यावर सही केली. विद्यापीठाकडून एवढ्या कडकपणे हिशेब घेतला, तर राज्यानेही आपला हिशेब द्यायला हवा. गंगाजळी कधी साठूच दिली नाही, अशा संस्थेला एखादं चुकलेलं वर्षसुद्धा बुडवू शकतं.

या संस्थेने राज्याला काय दिलं, तेही आठवावं. विल्मा रुडॉल्फने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली, ती इथली विद्यार्थिनी. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या खानावळींतला वर्णभेद मोडायला जे तरुण शांतपणे काउंटरवर जाऊन बसले, त्यांत इथली मुलं होती. १९६१ मध्ये फ्रीडम राइड्समध्ये (बसमधला वर्णभेद मोडण्यासाठी काढलेल्या बसयात्रांत) गेली म्हणून १४ मुलांना विद्यापीठातून काढून टाकलं गेलं. त्यांना मानद डॉक्टरेट मिळायला २००८ साल उजाडलं. ४७ वर्षं! पैशांच्या बाबतीत याहून जास्त उशीर आधीच झालेला आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. समितीच्या अहवालातली किमान रक्कम, १५ कोटी, निर्विवाद मानायची आणि २०२२ चे पैसे त्यात धरायचे की नाही हे विधिमंडळात उघडपणे ठरवायचं. उरलेल्या थकबाकीचे वार्षिक हप्ते कायद्यात लिहायचे, म्हणजे गव्हर्नर बदलला तरी ते चुकणार नाहीत. इमारतींच्या निधीतून वळवलेले ९.६ कोटी पुन्हा भरून द्यायचे. आणि केंद्राच्या कृषी निधीला राज्याचा वाटा दरवर्षी पूर्ण द्यायचा, एका डॉलरचीही सूट न मागता. पद सोडण्यापूर्वी यातली पहिली दोन कामं आपण नक्की करू शकता.

आपली,
नॅशव्हिलमधील एक मराठी रहिवासी