हँग होणारा कॉम्प्युटर आणि एक वही

लातूर, २१ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या डोळ्याची पट्टी काल सुटली. तिला आता स्वच्छ दिसतंय, तू काळजी करू नको. तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होतो, बोलणं अर्धंच राहिलं. "अण्णा, आज परत तीनदा हँग झाला, नवीनच घेऊन टाकू का?" असं तू म्हणालीस. निकाल लागलेत, दाखल्यांसाठी लोक खेड्यांवरून एसटीनं सेलूला आपल्या दुकानात येतात आणि त्यांच्यासमोर स्क्रीन थिजते. तुझा जीव किती कासावीस होत असेल, कळतं मला. तरी अजून काही विकत घेऊ नको.

आजच्या आज लोकांच्या फायली आणि आपला हिशोब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. आतली डिस्कच जात असेल, तर तपासण्याच्या ताणानंही ती कायमची बसू शकते.

मग एक वही कर. किती वाजता अडकला, काय उघडं होतं, कूलर चालू होता का, लाइट जाऊन आली होती का, सगळं लिही. अडकला की लगेच बटण दाबून बंद करू नको. आधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाब. त्याचा दिवा लागत-विझत असेल, माउसचा बाण हलत असेल, पण काही उघडत नसेल आणि डिस्कचा दिवा सारखा पेटलेला असेल, तर संशय डिस्कवर किंवा तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवर घे. काहीच हलत नसेल, आवाजसुद्धा एकाच सुरात अडकला असेल, तर रॅम (मेमरीच्या पट्ट्या), उष्णता किंवा एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघावं लागेल. कधीकधी ग्राफिक्सचा ड्रायव्हरही असं करतो.

हे मी ठेच लागून शिकलोय. तू लहान होतीस तेव्हा दुकानातलं मशीन असंच अडकायचं. मी एकाच दिवशी विंडोज नव्यानं टाकलं, रॅम बदलली आणि डिस्कही बदलली. पंधरा दिवस बरं चाललं, मग परत तेच. दोष एसएमपीएसचा होता. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याचा १२ व्होल्टचा पुरवठा ११ वर यायचा. तो ११.४ ते १२.६ मध्ये असायला हवा. पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही, पण घाईत काही लोकांची कागदपत्रं पुसली गेली, ती पुन्हा मिळाली नाहीत. म्हणून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि दोन दिवस बघ.

पहिली साफसफाई. प्लग काढून, पॉवरचं बटण दोनचार सेकंद दाबून धर आणि मग झाकण उघड. जिनिंगचा हंगाम संपला तरी कापसाचं तूस प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखं बसलेलं असतं. पंखा बोटानं धरून ब्लोअर मार, तो गरगर फिरू देऊ नको. मग रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुस. रात्री दुकान बंद करताना मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून जा. सकाळी एक जरी चूक लाल अक्षरात दिसली, तर एकेक पट्टी वेगळी लावून परत तपास. एसएमपीएसचा डबा मात्र खोलायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, तिला घाबरू नको. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. डिस्कच्या नावानं ७ किंवा १५३ नंबरची नोंद वारंवार दिसली, तर मात्र मला लगेच फोन कर.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, असं तू पाडव्याला म्हणाली होतीस. तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. एसएमपीएसमधले फिल्टर थोडासा करंट कॅबिनेटवर सोडत असतात, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तार नुसती नावाला उरते. मग तो करंट प्रिंटरच्या केबलमधून वाट शोधतो आणि त्यानंही मशीन बिथरू शकतं. रोज संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओत. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घे, ते ३ व्होल्टच्या आत हवं. तू स्वतः बोर्डात हात घालू नको, आणि मुंग्या थांबेपर्यंत कॅबिनेटला अनवाणी शिवू नको. दाखले दोन दिवस उशिरा निघाले तरी चालतील.

रविवारी दुपारच्या एसटीनं आम्ही निघतो. एसएमपीएस मीच मोजीन. मल्टीमीटर लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, माझ्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं आहे. त्याची ९ व्होल्टची बॅटरी तेवढी नवी आणून ठेव, आणि वही भरत राहा.

तुझे,
अण्णा