समुपदेशन केंद्र हे सहलीचं ठिकाण नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर या काळात स्त्रियांवरील हिंसेविरोधात महाविद्यालयांमध्ये काय काय झालं, ते आपल्या जिल्हा पानावर रोज वाचत होते. मेणबत्ती फेरी, पथनाट्य, शपथ, सगळं रीतसर. त्यातल्या एका बातमीत 'विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळावा' म्हणून एक तुकडी महिला समुपदेशन केंद्रात नेल्याचं कौतुक होतं. सोबत फोटो होता. फोटोत मागच्या बाकावर पदर तोंडावर ओढून बसलेली एक बाई दिसत होती. तो फोटो छापायला नको होता, हे आधी सांगते.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या अशाच एका केंद्रात मी 22 वर्षं समुपदेशक होते. तिथेही एकदा एका महाविद्यालयानं 42 मुलं आणली होती. प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नावली: 'आपले पती आपणास मारहाण करतात का? होय/नाही. असल्यास किती वेळा?' त्या दिवशी एक बाई तिसऱ्यांदा आली होती आणि अर्जावर सही करायला कशीबशी तयार झाली होती. मुलांच्या घोळक्यात तिच्या गल्लीतला एक मुलगा निघाला. "ताई, गॅसवर दूध ठेवून आलेय," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. परत आली ती सात महिन्यांनी. त्या 42 जणांचे अहवाल मात्र वेळेत जमा झाले असणार.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांबद्दल मी हे म्हणत नाही. ते वर्षभर आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला येतात, त्यांच्यावर पर्यवेक्षक असतो, गुप्तता म्हणजे काय ते आधी शिकलेले असतात. प्रश्न आहे तो बस भरून येणाऱ्यांचा.

आणि अनुभवातून शिकवायला माझा विरोध नाही, उलट आग्रहच आहे. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला, हिंसा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, हे मुलं घडाघडा सांगतात. आणि तोच मुलगा पुढच्या मिनिटाला विचारतो, "पण मॅडम, ती निघून का जात नाही?" हा प्रश्न व्याख्यानानं सुटत नाही. मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

मग अनुभव द्यायचा तो कशाचा? बाईच्या रडण्याचा नाही. ते तिचं आहे. द्यायचा तो तिला चालाव्या लागणाऱ्या वाटेचा.

निवृत्तीनंतर एका प्राध्यापक मैत्रिणीच्या वर्गात आम्ही हे करून पाहिलं. आधीचे दोन दिवस मुलं गटागटानं माहिती काढायला गेली. संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेले सरकारी अधिकारी) कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोणत्या वारी भेटतात? तालुक्याहून शेवटची एसटी किती वाजता? (मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. या एका निर्णयानं केंद्रापर्यंत पोचणं किती सोपं झालं, ते आमच्यासारख्यांना विचारा.) अट एकच होती: खोटी तक्रार घेऊन कुणाच्याही टेबलापुढे बसायचं नाही, कॉलेजचं पत्र दाखवून सरळ विचारायचं.

तिसऱ्या दिवशी वर्गात पाच टेबलं मांडली. पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे, म्हणजे सरकारतर्फे मोफत मिणारे, वकील आणि पाचवं माहेर. टेबलांवर मुलंच. बाई कागदावरची: दोन मुलं, धाकट्याला ताप, जवळ 140 रुपये, फोन नवऱ्याकडे, गाव 26 किलोमीटरवर. प्रत्येक गटानं तिला घेऊन टेबलाटेबलावर जायचं आणि दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. संवाद कुणालाच लिहून दिले नव्हते.

पोलीस टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "लग्नाला नऊ वर्षं झाली, मग इतके दिवस गप्प का होतात?" आणि एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून कागद हातात दिला. दवाखान्यातल्या मुलापुढे रांग होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "पडलात का?" बाई झालेला मुलगा म्हणाला, "हो." नंतर म्हणाला, तेवढं एकच उत्तर लवकर संपणारं होतं. केस पेपरवर लिहिलं गेलं, 'घसरून पडल्याने'. चौथ्या टेबलावर वकील झालेल्या मुलीनं पुरावा मागितला आणि तोच केस पेपर पुढे आला. ती तो वाचत असताना दवाखान्याच्या टेबलावरचा मुलगा उठून उभा राहिला होता. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. नंतर त्यांनी कायदा उघडला, तेव्हा त्यातल्या वेळा वाचून वर्गात शांतता झाली. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न. मुलांनी कोर्टाच्या आवारात जे ऐकलं होतं, ते वेगळं होतं.

एक मुलगा म्हणाला, "तिसऱ्यांदा सांगताना मलाच वाटायला लागलं की मी खोटं बोलतोय." माझ्या 22 वर्षांच्या नोंदवह्यांत इतकं नेमकं वाक्य नाही.

पण सगळ्यात अवघड टेबल पाचवं ठरलं. तिथे वर्गातली चुणचुणीत, बोलकी मुलं बसवली होती. सहा गट एकामागोमाग आले आणि सहाही वेळा आई-बाप-भाऊ झालेल्या मुलांच्या तोंडून निघालं, "थोडं सहन कर. मुलांकडे बघ." यातली काही मुलं मागच्याच आठवड्यात पथनाट्यात होती. (त्या पथनाट्याच्या शेवटी बायको नवऱ्याच्या थोबाडीत देते आणि टाळ्या पडतात. असो.)

एक गोष्ट मात्र कुठल्याही महाविद्यालयानं हलक्यात घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारांत एकीनं नवऱ्याची हिंसा सोसली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. म्हणजे वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांना हा अनुभव द्यायची गरजच नाही, ती तो घरून घेऊन येतात. काही मुलींचा मित्र रोज त्यांचा फोन तपासतो, त्याला त्या अजून काळजी म्हणतात. आमच्या वर्गातली एक मुलगी दिवसभर एकाही टेबलापाशी गेली नाही. संध्याकाळी खुर्च्या लावताना माझ्याजवळ थांबली.

म्हणून आम्ही काही गोष्टी पाळतो. काय होणार आहे ते आदल्या दिवशी सांगायचं. मारहाणीचा अभिनय करायचा नाही, कुणालाही करू द्यायचा नाही. 'तुमच्या घरी काय?' हे कधीही विचारायचं नाही. कारण न देता उठून जाता आलं पाहिजे, आणि हजेरी कापायची नाही. समुपदेशकानं संध्याकाळपर्यंत थांबायचं. ज्या महाविद्यालयाला एवढं जमत नसेल, त्यानं व्याख्यानच ठेवावं. त्यात निदान इजा होत नाही.

वेळ नाही, ही सबब आता चालणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्पांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. सध्या त्यातले बरेच झाडं मोजण्यात जातात. मुलग्यांशी कसं बोलावं असं वाटत असेल, तर मुंबईत 1993 पासून 'मावा' ही पुरुषांचीच संघटना ते काम करते आहे.

विद्यापीठातल्या शिकवण्याचा या प्रश्नाशी संबंध काय, असं एका प्राचार्यांनी मला विचारलं होतं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, तेव्हा 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी. त्यांच्यात आपल्या वसुधा धागमवार होत्या. पुढे देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. प्राचार्यांना मी एवढंच सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाला पाच टेबलांचे कागद हवे असतील तर मी पाठवीन, बोलावलं तर येईनही. मानधन नको. खोली मात्र दोन दारांची बघा, म्हणजे उठून जाणाऱ्याला सगळ्यांच्या समोरून जावं लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समुपदेशक, सातारा
(जुन्या अशिलांची ओळख पटू नये, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)