खुब्याचे इम्प्लांट: मजबूत आणि ताठ यांतला फरक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील खुबाबदल शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण इम्प्लांटचा धातू ‘जितका मजबूत तितका उत्तम’ हे त्यातले वाक्य मला खटकले. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि माझ्या आईचा खुबा अकरा वर्षांपूर्वी बदललेला आहे, म्हणून हे पत्र.

मजबूत म्हणजे सहजी मोडत नाही ते. ताठ म्हणजे सहजी वाकत नाही ते. मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल (ताठपणा मोजायचे एकक) असतो. इम्प्लांटच्या धातूंपैकी टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०च्या आसपास आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० च्याही वर. इम्प्लांटचा खालचा भाग म्हणजे अशा धातूचा दांडा. तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवला की भार हाड आणि दांडा या दोघांत वाटला जातो, आणि जो जास्त ताठ तो जास्त उचलतो. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. त्यातला बराचसा दांडा परस्पर खाली नेतो आणि वरच्या हाडाला काम उरत नाही. प्लास्टरमधून सुटलेला हात कसा वाळलेला दिसतो, तसेच हाडाचेही होते. भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फने १८९२ मध्येच मांडले होते.

आईचे दोन एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून पाहिले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेत दांड्याच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाशी, हाडाची कड जाड आणि पांढरीशुभ्र होती. अलीकडच्या एक्स-रेत तीच कड गोलसर झिजून फिकट पडली आहे. दांडा कोबाल्ट-क्रोमचा, जाड, हाडात पक्का करायच्या सिमेंटशिवाय बसवलेला. आईला दुखत नाही, ती व्यवस्थित चालते. अशी झीज पुष्कळदा त्रास न देताच राहते. पण पुढे कधी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली, तर नवा दांडा धरायला हाड हवे ना!

मग दांडा मऊ करावा, असे कुणी म्हणेल. सत्तरच्या दशकात हाडाइतक्याच लवचिक, प्लास्टिकचे आवरण असलेल्या दांड्यांचा प्रयोग झाला. त्यांत हाड आणि दांडा यांच्यामधली सूक्ष्म हालचाल वाढली आणि बरेच दांडे सैल झाले. ही हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटरच्या) पुढे गेली, तर हाड दांड्याला चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पडदा तयार होतो.

शिवाय नुसत्या धातूचे नाव पुरत नाही. गोल दांड्याचा वाकण्यातला ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे १६ मिलिमीटरचा टायटॅनियमचा भरीव दांडा १२ मिलिमीटरच्या कोबाल्ट-क्रोमपेक्षा जास्त ताठ भरतो! दांड्याच्या वरच्या टोकावर बसणाऱ्या, सांध्यात घासणाऱ्या गोळ्याचे गणित आणखी वेगळे. टायटॅनियम घर्षणात लवकर झिजते, म्हणून गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो. रुग्णांशी चर्चा होते ती बहुतेक या गोळ्याचीच; दांड्याबद्दल आम्हालाही कुणी अवाक्षर सांगितले नव्हते.

इम्प्लांटच्या खोक्यावरचा स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवलेला असतो. त्यावर दांड्याचा प्रकार आणि माप असते. आईच्या फाइलमधला तो स्टिकर मी दहा वर्षांनी वाचला. शस्त्रक्रियेआधीच दांडा कशाचा, किती जाड आणि माझ्या हाडाला तोच का, हे रुग्णाने विचारावे आणि डॉक्टरांनी एक्स-रे समोर ठेवून सांगावे. आपल्या पुरवणीच्या पुढच्या लेखात एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून याविषयी सविस्तर लिहवून घ्यावे, ही विनंती.

आपला,
यंत्र अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक