हमीचा कायदा वाचताना पैशाचं कलम आधी वाच

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. गरिबांसाठीची धोरणं नेमकी कोण ठरवतं, असं तू विचारलंस. रोजगार हमीचंच बघ, त्यात सगळे हात दिसतात.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. पण योजना राज्यभर गेली ती १९७२ च्या दुष्काळाने, आणि १९७७ च्या कायद्यावर सर्व पक्षांचं एकमत झालं. प्रत्येकाला त्यात काही ना काही मिळत होतं. मजुराला काम. डाव्या पक्षांना आणि मजूर संघटनांना कायद्याने मिळालेला हक्क. शहरांकडे येणारे लोंढे थोपले. आणि जमीनवाल्यांना पाझर तलाव, बंधारे, विहिरींना वाढलेलं पाणी. माझ्या मते योजना टिकली ती या शेवटच्या फायद्यामुळे आणि पैशाच्या सोयीमुळे. १९७५ पासून पगारदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि सरकारने तेवढीच रक्कम घालायची. निधीला स्वतःचा झरा होता, म्हणून दर वर्षी वित्त खात्याच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

देशपातळीवर हे आलं २००५ मध्ये, म्हणजे आपण ज्याला मनरेगा म्हणतो तो कायदा, कारण तेव्हाचं केंद्र सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं आणि किमान समान कार्यक्रमात १०० दिवसांचं आश्वासन होतं. त्या कायद्याची रचना हुशारीची होती. अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, बेकारी भत्ता मात्र राज्याचा. म्हणजे राज्याने काम दिलं तर मजुरीचं बिल दिल्लीला, नाही दिलं तर भत्ता स्वतःच्या तिजोरीतून.

मग बिघडलं कुठे? पावतीत. मजुराने कामाची मागणी केली की तारखेची पावती द्यायची आणि त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता. पावतीच दिली नाही तर १५ दिवस सुरूच होत नाहीत, आणि भत्ता देय होत नाही. मजुरी रखडली तर रोज ०.०५ टक्के भरपाई होती, पण ती मोजली जायची निधी हस्तांतरण आदेश, म्हणजे मजुरी खात्यात भरण्याचा आदेश, निघेपर्यंतच. त्यापुढे केंद्राकडून पैसे यायला लागलेला उशीर हिशेबातच धरत नव्हते. याचा मला फार राग येतो, कारण मजुराला दोन्ही उशीर सारखेच भोगावे लागतात. त्यात तरतूदही आटली: २०२०-२१ मध्ये या योजनेची सुधारित तरतूद १,११,५०० कोटी रुपये होती, २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटी. कायद्याचा एक शब्द न बदलता मागणीप्रमाणे चालणारी योजना तरतुदीप्रमाणे चालू लागते, ती अशी. शिवाय मजुरीचा दर २००९ मध्ये किमान वेतनापासून तोडला गेला होताच.

मनरेगाच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या कायद्यात १२५ दिवस आहेत, आणि सगळी चर्चा त्याच आकड्याभोवती चालते. तू दोन कलमं बघ. पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा ही जमीनवाल्यांची जुनी मागणी आहे, कारण नेमक्या त्याच दिवसांत मजुराला मजुरीचा भाव करता येतो. दुसरं, बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, मजुरीसकट. आता काम दिलं तरी राज्याला खर्च, त्यामुळे मागणी न नोंदवण्याचा मोह वाढणार. गरीब मजूर जास्त असलेल्या राज्यांची तिजोरीही बहुधा तोकडीच असते.

तुझ्या लेखासाठी राज्याच्या अर्थसंकल्पातली या ४० टक्क्यांची तरतूद काढ आणि शेजारी बेकारी भत्त्यावर प्रत्यक्ष झालेला खर्च मांड. भत्त्याचा रकाना शून्य दिसला, तर त्या तालुक्यांत पावत्या मिळतात का ते मजुरांना विचार.

तुझा,
मुकुंद