लक्षणीय वारसामूल्य आढळत नाही! : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय वारसामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कुशल असालच. मंत्री सहसा असतात.

गेल्या ऑक्टोबरात आपण कॅनडातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये फॉल सपरला, म्हणजे कापणीनंतरच्या गावजेवणाला, आला होतात. पहिल्याच पंगतीला बसून टर्की, ग्रेव्ही, पेरोगी (सारण भरून उकडलेल्या युक्रेनियन करंज्या) सगळं घेतलंत आणि मग माइकवर म्हणालात, "मी खुर्चीत आहे तोवर या हॉलचं छप्पर गळणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेव्हा माझे दोन्ही हात धड होते.

परवा आपल्या खात्याचं पत्र आलं. छपरासाठी मागितलेले बेचाळीस हजार डॉलर नामंजूर. कारण एका ओळीत: सदर वास्तूत लक्षणीय वारसामूल्य आढळत नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत तीन अर्ज करून पाहिले, तेही कुणी वाचल्याचं दिसत नाही.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. अकरा वर्षांपूर्वी प्रेरीवरच्या, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानावरच्या, या गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरीला आले. पहिल्या हिवाळ्यात, उणे पस्तीसमध्ये, घरात आवाज तेवढा हीटरचा. मग हॉलमधून बोलावणं आलं: पेरोगी भरायला माणसं कमी पडतायत. एका युक्रेनियन आजींनी पिठाची चकती हातावर ठेवली आणि मी सवयीने करंजीची मुरड घातली. आजींनी ती उकळत्या पाण्यात सोडली. फुटली नाही. तेव्हापासून ते टेबल माझं. त्या आजी आता नाहीत. तुमचा अर्ज विचारतो, वास्तुविशारद कोण? शैली कोणती? अहो, शेतकऱ्यांनी पेरणी आणि कापणीच्या मधल्या दिवसांत स्वतः बांधलेला हॉल आहे तो! मुरड कुठल्या रकान्यात लिहू?

(आता 'आपण' पुरे. 'तुम्ही'च म्हणते.)

मार्चमध्ये बर्फ वितळू लागलं तसं छप्पर स्टेजवर गळायला लागलं. बादल्या ठेवताना मी घसरले, उजवं मनगट मोडलं. जवळच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नाही, म्हणून इमर्जन्सी बंद. पुढचं हॉस्पिटल एकशेचाळीस किलोमीटरवर. बसने जावं म्हणाल, तर पश्चिम कॅनडातली लांब पल्ल्याची मोठी बससेवा २०१८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. शेजाऱ्याने पिकअपमधून नेलं. वाटेत हरीण आडवं आलं ते वेगळंच. सहा आठवडे प्लास्टर, पगार अर्धाही नाही. साहेब, एकदा डाव्या हाताने पोळी लाटून बघा.

१९९५ साली रेल्वेने धान्य नेण्याचं जुनं अनुदान, इथली माणसं अजून 'क्रो' म्हणतात ते, गेलं. मग आडवाटेच्या रेल्वेलाइनी उखडल्या, लाकडी एलिव्हेटर, म्हणजे रेल्वेकाठची धान्याची उंच कोठारं, धडाधड पडले. मॅनिटोबा प्रांतात इंग्लिस गावाला पाच एलिव्हेटर ओळीने उभे आहेत. ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. बघायला फार देखणे, पण त्यात आता शेतकऱ्याचं धान्य येत नाही. म्हणजे रिकामं झालं की वारसा! आमचा हॉल अजून वापरात आहे, हीच त्याची चूक. आमच्या हायवेवर मी असे सात हॉल मोजले, त्यातल्या पाचांना कुलूप. सहाही असतील, एकाची खात्री नाही. याच हिशोबाने सगळ्या प्रेरीतले निम्मे तरी गेले असणार. खोटं असेल तर तुमचा आकडा सांगा.

आणि वारसा म्हणजे काय हे ठरवणारं सरकार तरी कुठलं? ज्याने १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फीवर १६० एकर वाटले, ती जमीन आधी कुणाची होती हे न विचारता. ज्याने इथल्या मूळ लोकांच्या सोहळ्यांवरची बंदी १९५१ पर्यंत कायद्यात ठेवली, आणि आज त्याच पिसांचे, नाचाचे फोटो माहितीपत्रकांवर छापतं. ज्याने पहिल्या महायुद्धात हजारो युक्रेनियनांना छावण्यांत डांबलं आणि पुढे, १९७५ साली, अल्बर्टा प्रांतातल्या व्हेग्रेव्हिलला त्यांच्या ईस्टरच्या नक्षीदार अंड्याचं भलंमोठं रंगीत शिल्प उभं राहिल्यावर कौतुक केलं. ते अंडं वारा येईल तसं फिरतं. मंत्रिमंडळात शोभलं असतं.

यंदाचं सपर रद्द झालं आहे. विमा कंपनी गळक्या छपराखाली अडीचशे माणसं बसू देत नाही. वृद्धाश्रमातल्या ज्या सतरा जणांना आम्ही दरवर्षी ताट पोचवतो, ते मला रोज विचारतात, तारीख कधीची? त्यांना 'लक्षणीय' म्हणजे काय ते कोण सांगणार? तुम्ही येता?

तुमची चौकशी समिती नको, नवा अर्ज नको. छप्पर द्या. तेही जमत नसेल तर एक छोटं काम करा. निघताना तुम्हाला सस्कॅटून बेरीचा (इथलं जांभळं रानफळ) अख्खा पाय बांधून दिला होता (pie, फळं भरून भाजलेला गोड पदार्थ; मराठीत हा शब्द लिहायची पंचाईतच आहे). तो काचेच्या डिशमध्ये होता. तिकडे आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतो, तसं इथे डिशच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहितात. त्या पट्टीवर आजींचं नाव आहे. त्यांची मुलगी डिश मागते आहे. पोस्टाने पाठवा, आमचं पोस्ट ऑफिस अजून उघडं आहे, मंगळवारी आणि गुरुवारी.

आपली,
हॉल समितीची चिटणीस
(डाव्या हाताने टाइप केलं आहे, चुकांबद्दल क्षमस्व)